शिक्षक मुलांना विचार करायला शिकवतो, तेव्हा त्याच्या स्वतःच्या विचाराचे काय होते?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी शिक्षक पात्रता परीक्षेसंबंधी (टीईटी) निकाल दिला आणि राज्यातल्या शाळांच्या शिक्षकखोल्यांत बराच काळ दुसरा विषयच उरला नाही. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या, आधीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे या निकालाने बंधनकारक केले. वीस-बावीस वर्षे फळ्यासमोर काढलेल्या माणसाने आता दीडशे मिनिटांत दीडशे प्रश्नांचे गोल रंगवायचे, याचा राग समजण्यासारखा आहे. परंतु तो या लेखाचा विषय नाही. त्या रागाच्या आड एक जुना आणि अधिक अवघड प्रश्न आहे. शिक्षकाची स्वतःची समस्या सोडवण्याची क्षमता कशी घडते, ती प्रशिक्षणाने वाढते का, आणि वाढत असेल तर कोणत्या प्रशिक्षणाने?

हा प्रश्न सुचण्याचे दुसरेही कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुलांमध्ये चिकित्सक विचार रुजवण्यावर भर दिला आणि प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा ठेवली. त्यामुळे ‘विचारकौशल्ये’ हा शब्द प्रशिक्षणांच्या वेळापत्रकात आता नेहमीचा झाला आहे. ही प्रशिक्षणे आखताना मात्र शिक्षकाला बहुधा नळ समजले जाते. राज्यस्तरावरून सोडलेले पाणी जिल्ह्याच्या, तालुक्याच्या आणि केंद्राच्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) जोडांमधून वर्गापर्यंत पोहोचले की काम झाले. त्या पाण्याने नळाचे काय होते, हे विचारण्याची पद्धत नाही. मी अशा प्रशिक्षणांत प्रशिक्षणार्थी म्हणूनही बसलो आहे आणि सुलभक म्हणूनही उभा राहिलो आहे, आणि हा प्रश्न दोन्ही बाजूंनी टाळला जाताना पाहिला आहे.

आधी दोन-तीन शब्द नीट करून घेऊ

‘समस्या’ आणि ‘उदाहरण’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्याची वाट आधीच ठाऊक आहे ते उदाहरण, आणि ज्यात कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही ती समस्या. एकच प्रश्न एकाला उदाहरण असतो आणि दुसऱ्याला समस्या असतो. पाचवीला बारा वर्षे गणित शिकवणाऱ्या बाईंना पाचवीच्या पुस्तकातला एकही प्रश्न समस्या राहिलेला नसतो, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे त्यांची अडचण नेमकी इथेच सुरू होते.

विचारकौशल्ये म्हणजे अशा अनोळखी ठिकाणी उपयोगी पडणाऱ्या सवयी: प्रश्नात खरोखर काय विचारले आहे ते स्वतःच्या शब्दांत मांडणे, सोपे रूप करून पाहणे, उलट्या टोकाने विचार करणे, दुसरे स्पष्टीकरण शक्य आहे का ते तपासणे. यांतली सर्वांत महत्त्वाची सवय म्हणजे विचार करत असताना स्वतःच्या विचारावर नजर ठेवणे. शिक्षणशास्त्रात तिला ‘अधिबोध’ म्हणतात. आपण तिला साधेपणाने ‘पहारा’ म्हणू. आणि एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी वापरता येणे, याला ‘संक्रमण’ हा शब्द रूढ आहे.

तीन मापांची गोष्ट

कागद-पेन्सिल घेऊन पुढचे करून पाहिल्यास लेख अधिक चांगला समजेल. तुमच्याकडे तीन भांडी आहेत. पहिल्यात २१ मापे, दुसऱ्यात १२७ मापे आणि तिसऱ्यात ३ मापे पाणी मावते. तुम्हाला बरोबर १०० मापे पाणी हवे आहे. मोठे भांडे भरायचे, त्यातून एकदा २१ मापांचे आणि दोनदा ३ मापांचे भांडे भरून काढायचे, की मोठ्या भांड्यात १०० मापे उरतात. आता याच युक्तीने सुटणारी आणखी चार गणिते सोडवली आहेत असे समजा. त्यानंतर पुढचे गणित येते: भांडी २३, ४९ आणि ३ मापांची आणि हवे आहे २० मापे पाणी.

अब्राहम लूचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बहुतेक लोकांनी इथेही मोठे भांडे भरले, त्यातून २३ काढले, दोनदा ३ काढले आणि २० मिळवले. उत्तर बरोबर आहे. पण २३ मधून ३ काढले की २० उरतात आणि मोठ्या भांड्याला हात लावण्याचीही गरज नाही, हे त्यांना दिसले नाही. ज्यांना आधीची पाच गणिते दिलीच नव्हती, त्यांना ते सहज दिसले. यापुढे २८, ७६ आणि ३ या मापांतून २५ मिळवायचे असा प्रश्न आला, तेव्हा जुनी युक्ती लागूच पडेना आणि युक्तीत मुरलेले अनेक जण अडकून बसले. उत्तर होते २८ वजा ३.

ही माणसे मंद नव्हती. त्यांना एक पद्धत चांगली येत होती, एवढाच त्यांचा दोष होता. आता वीस वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकाकडे पाहा. त्याने पाच गणिते नव्हे, पाच हजार गणिते एका ठरावीक वाटेने सोडवली आहेत. शेकडेवारी आली की हात आपोआप ‘समजा मूळ किंमत १०० रुपये’ असे लिहू लागतो. हा वेग चाळीस मुलांच्या वर्गात आवश्यकच असतो, त्याशिवाय तास पुढे सरकणार नाही. परंतु त्या वेगाची किंमत अशी की एखाद्या मुलाने वेगळ्या वाटेने बरोबर उत्तर काढले, तर ते शिक्षकाला आधी चूक वाटते. विचारकौशल्यांच्या चांगल्या प्रशिक्षणाचा शिक्षकावर होणारा पहिला परिणाम इथे असतो: त्याच्याकडे नवी युक्ती येते असे नाही, पण जुनी युक्ती आपोआप चालू झाली आहे हे त्याच्या लक्षात येऊ लागते. लूचिन्सने काही जणांना मधल्या टप्प्यावर कागदावर ‘आंधळेपणाने करू नका’ असे लिहून घ्यायला सांगितले होते, आणि तेवढ्यानेही त्यांतल्या अनेकांना सरळ वाट दिसली.

पहारा बसवणे म्हणजे काय

ॲलन शोनफेल्ड हे अमेरिकेतील गणितशिक्षणाचे अभ्यासक १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना अनोळखी प्रश्न देऊन, ते बोलत बोलत सोडवत असताना त्यांचे चित्रीकरण करत. कितीतरी विद्यार्थी प्रश्न वाचत, सुचली ती पहिली वाट पकडत आणि दिलेली वीस मिनिटे संपेपर्यंत त्याच वाटेने चालत राहत. तोच प्रश्न त्यांनी एका गणितज्ञाला दिला. त्या गणितज्ञाचा भूमितीशी अनेक वर्षे संबंध नव्हता आणि प्रमेये विद्यार्थ्यांइतकी त्याच्या ओठांवर नव्हती. तरीही त्याने तो सोडवला, कारण त्याचा बराचसा वेळ आकडेमोडीत न जाता ‘ही वाट सोडावी का’ या विचारात गेला. चुकीच्या वाटा त्यालाही लागल्या होत्या, पण तो त्यांतून लवकर बाहेर पडला.

शोनफेल्ड आपल्या वर्गात फिरताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारत: तुम्ही नेमके काय करत आहात, ते का करत आहात, आणि त्याचा पुढे कसा उपयोग होणार आहे? सुरुवातीला मुले गांगरत. सत्र संपत येई तोवर ती हे प्रश्न आपण होऊन स्वतःला विचारू लागत. बाहेरून येणारा पहारेकरी आत येऊन बसतो, तो असा.

इथे शिक्षकाचा एक विशेष फायदा आहे. हे तीन प्रश्न मुलांना विचारायचे, तर त्याला दिवसातून दहा वेळा ते तोंडाने म्हणावे लागतात आणि मुलांच्या उत्तरांतले बरेवाईट पारखावे लागते. दुसऱ्याला विचारता विचारता आपलीही सवय होते. पण हे तेव्हाच घडते, जेव्हा प्रश्नाचे उत्तर शिक्षकालाही आधीपासून ठाऊक नसते. उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारणे ही उलटतपासणी झाली, आणि तिने पहारा बसत नाही.

पावणेदोन भागिले अर्धा

आता विचारकौशल्यांच्या उत्साही पुरस्कर्त्यांना न आवडणारी बाजू. विचार करण्यासाठी विचार करण्याजोगे काहीतरी डोक्यात असावे लागते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांनी २००७ साली हाच मुद्दा जोरकसपणे मांडला होता: चिकित्सक विचार हे सायकल चालवण्यासारखे कुठेही नेता येणारे कौशल्य नाही, ते विषयाच्या ज्ञानात गुंतलेले असते. ‘दुसरी बाजूही पाहा’ असे कितीही बजावले, तरी ती दुसरी बाजू असते कशी, हे त्या विषयातले काही माहीत असल्याशिवाय कळत नाही.

लिपिंग मा यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले एक उदाहरण यासाठी फार बोलके आहे. त्यांनी अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना विचारले: पावणेदोन भागिले अर्धा किती, आणि हा भागाकार ज्यात करावा लागेल अशी एखादी व्यवहारातली गोष्ट रचून दाखवा. चिनी शिक्षकांपैकी सर्वांना उत्तर आले आणि सुमारे ९० टक्के शिक्षकांनी योग्य गोष्ट रचली. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांना आकडेमोड पूर्ण करून बरोबर उत्तर काढता आले आणि योग्य गोष्ट फक्त एकीला रचता आली. बाकीच्यांपैकी अनेकांनी पावणेदोन पोळ्या दोघांत वाटाव्या अशा धर्तीच्या गोष्टी सांगितल्या, म्हणजे अर्ध्याने भागण्याऐवजी निम्मे केले.

मराठी वाचकाला हा घोळ सोडवायला आपली भाषाच मदत करते. पावणेदोन किलो पीठ अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्यांत भरायचे, तर किती पिशव्या लागतील? साडेतीन. ज्यांच्या आजोबांनी पावकी, निमकी, दिडकी घोकली होती त्यांना ‘औटकी’ आठवेल. औट म्हणजे साडेतीनच. मात्र औटकी पाठ असणे आणि ही पिशव्यांची गोष्ट सुचणे, यांत अंतर आहे, आणि ते अंतर किती मोठे असू शकते हेच त्या अभ्यासाने दाखवले.

त्यातली आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकन शिक्षकांपेक्षा कमी वर्षांचे होते. मग त्यांची समज आली कुठून? ते आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर नियमित बसत, पाठ्यपुस्तकातला एकेक प्रश्न घेऊन तो किती वाटांनी सुटतो ते पाहत, आणि मुलांनी काढलेल्या वाटाही त्यात धरत. ‘विचारकौशल्ये’ अशी पाटी त्या बैठकांवर नव्हती. तरी शिक्षकाने स्वतः, आपल्याच विषयात, इतरांसमोर विचार करणे तिथे रोजच्या कामाचा भाग होते. जपानमध्येही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो घेतो, बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर सगळे त्यावर बोलतात. त्यातही मर्म हेच आहे.

सभागृहात सुचते ते वर्गात का सुचत नाही

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लॅटिन आणि भूमिती शिकल्याने बुद्धी तल्लख होते, अशी पाश्चात्त्य शिक्षणात पक्की समजूत होती. बुद्धी म्हणजे जणू दंडाचा स्नायू. जोर मारा, ती फुगेल. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ साली ही समजूत तपासली. लोकांना एका प्रकारच्या आकृतींचे क्षेत्रफळ नजरेने अंदाजण्याचा सराव दिला, की त्या आकृतींत त्यांची प्रगती होई, परंतु आकार किंवा आकारमान बदलले की तो फायदा फारसा टिकत नसे. थालीपीठ थापता येणाऱ्याला भाकरी लवकर जमते, पण त्यामुळे पुरणाची पोळी जमेलच असे नाही. संक्रमण जवळच्या घरी जाते, लांबच्या गावाला सहसा जात नाही.

पुढे १९८० साली मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी एक सुंदर प्रयोग केला. एका डॉक्टरला पोटातली गाठ किरणांनी नष्ट करायची आहे, पण तीव्र किरण सोडले तर वाटेतला निरोगी भाग जळतो आणि सौम्य सोडले तर गाठ जात नाही. उत्तर असे की अनेक दिशांनी सौम्य किरण सोडायचे, म्हणजे ते गाठीपाशी एकत्र येतील. हा प्रश्न देण्यापूर्वी काहींना एका सेनापतीची गोष्ट वाचायला दिली होती, ज्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर मोठे सैन्य गेले तरच फुटणारे सुरुंग असतात आणि सेनापती सैन्याच्या छोट्या तुकड्या वेगवेगळ्या रस्त्यांनी पाठवतो. गोष्ट नुकतीच वाचलेली असूनही अनेकांना ती आपणहून आठवली नाही. ‘मघाशी वाचलेल्या गोष्टीचा उपयोग होईल’ एवढा इशारा मिळताच मात्र बहुतेकांना उत्तर सापडले.

प्रशिक्षणाचे सभागृह हाच मुळी एक इशारा असतो. तिथे प्रत्येकाला ठाऊक असते की आता वेगळा विचार करायचा आहे, सुलभक काहीतरी गंमत दाखवणार आहेत, पहिले उत्तर बहुधा चुकीचे असणार आहे. त्यामुळे तिथे सगळ्यांना सुचते, टाळ्या वाजतात, आणि अभिप्रायाच्या अर्जावर ‘अतिशय उपयुक्त’ असे लिहिले जाते. सोमवारी वर्गात तो इशारा द्यायला कोणी नसते. दोन-तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचा असर औट घटकेच्या राज्यासारखा ठरतो, याचे कारण शिक्षकांचा आळस हे नव्हे. त्यांना युक्ती दिलेली असते, पण ती कधी वापरायची हे ओळखण्याचा सराव दिलेला नसतो. तो सराव जिथे ती वापरायची आहे तिथेच, पुन्हा पुन्हा आणि दिवसांच्या अंतराने करावा लागतो.

लाल शाईच्या आधीचा अर्धा मिनिट

मग शिक्षकाच्या नित्याच्या कामात ही क्षमता दिसते कुठे? एक वही उघडू. तिसरीतल्या मुलाने ५२ वजा ३८ या वजाबाकीचे उत्तर २६ लिहिले आहे. बरोबर उत्तर १४. बहुतेक वेळा लाल शाईने फुली पडते आणि बाजूला ‘लक्ष देऊन सोडव’ असा शेरा येतो.

थोडे थांबून पाहिले तर दिसते की मुलाने लक्ष देऊनच सोडवले आहे. एककात २ मधून ८ जात नाहीत, म्हणून त्याने ८ मधून २ काढले, आणि ६ लिहिले. दशकात ५ मधून ३ काढले, आणि २ लिहिले. मोठ्यातून लहान काढायचे, असा त्याचा स्वतःचा नियम आहे आणि तो तो काटेकोरपणे पाळतो. दुसऱ्या एका मुलाने याच वजाबाकीचे उत्तर २४ काढले आहे. त्याने दशक उसना घेतला, १२ मधून ८ काढून ४ लिहिले, परंतु उसना दिलेला दशक कमी करायला तो विसरला. दोघांनाही सारखीच फुली मिळाली, पण दोघांचे आजार वेगळे आहेत. पहिल्याला दशक सुटा करणे म्हणजे काय, हेच काड्यांच्या गठ्ठ्यांनी पुन्हा दाखवावे लागेल. दुसऱ्याला ते कळलेले आहे, त्याला फक्त नोंद ठेवण्याची सवय लावायची आहे.

आपले निदान बरोबर आहे की नाही, हे कसे तपासायचे? दोघांनाही ४० वजा १७ द्यायचे. पहिल्या मुलाचा नियम आपण ओळखला असेल, तर त्याचे उत्तर ३७ येईल आणि दुसऱ्याचे ३३. उत्तर येण्याआधीच चूक काय येईल, हे शिक्षकाला सांगता आले, तर त्याने खऱ्या अर्थाने समस्या सोडवली. अंदाज बांधणे, तो तपासता येईल अशी परीक्षा रचणे आणि निकाल उलटा आला तर अंदाज सोडून देणे, हे सगळे टप्पे यात आले. डॉक्टर करतो तेच, फक्त शिक्षक ते तीस वह्यांच्या ढिगापुढे बसून करतो. विचारकौशल्यांचे प्रशिक्षण शिक्षकाच्या स्वतःच्या क्षमतेपर्यंत पोहोचले का, हे पाहायचे तर मी सर्वप्रथम इथे पाहीन.

भाषेच्या तासालाही हे लागू पडते. मुलाने कवितेचा अनपेक्षित अर्थ सांगितला, तर तो मार्गदर्शिकेतल्या उत्तराशी जुळत नाही म्हणून बाजूला सारायचा, की ‘कोणत्या ओळीवरून तुला असे वाटले?’ असे विचारून शिक्षकानेही ती ओळ पुन्हा वाचायची, एवढाच फरक आहे.

‘आमच्या समस्या वेगळ्याच आहेत’

हा आक्षेप प्रत्येक प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत ऐकू येतो आणि तो रास्त आहे. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराची नोंद ठेवायची, निवडणुकीचे काम करायचे, ऑनलाइन माहिती भरायची, आणि वर कोणी येऊन भांड्यांतले पाणी मोजायला सांगायचे! शिक्षकांची कमतरता ही विचारकौशल्याने सुटणारी समस्या नाही आणि तसे भासवणे हा अन्याय आहे. जिथे माणूस आणि पैसा कमी आहे तिथे माणूस आणि पैसाच द्यावा लागतो.

तरीही काही समस्या मधल्या असतात. ‘मुले गैरहजर राहतात’ ही तक्रार आहे, समस्या अजून मांडलेली नाही. एका शाळेतल्या शिक्षिकेने महिन्याचा हजेरीपट समोर घेऊन फक्त गैरहजेरीच्या खुणांचे वार मोजले. निम्म्याहून अधिक खुणा मंगळवारच्या होत्या, आणि त्याही मोठ्या बहिणींच्या नावांपुढे. मंगळवारी शेजारच्या गावात आठवडी बाजार भरतो, आईवडील तिकडे गेले की धाकट्या भावंडांना सांभाळायला बहीण घरी राहते. तक्रार एवढी बारीक झाली, तेव्हा धाकट्यांना त्या दिवशी शाळेच्या ओसरीत येऊ द्यावे, असा तोडगा सुचणे शक्य झाले. तो पूर्ण तोडगा नव्हता आणि वरिष्ठांकडून त्याला लेखी परवानगीही कधी मिळाली नाही. पण तक्रारीचे समस्येत रूपांतर करणे हेच तर ते कौशल्य आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांबाबत मात्र अशी मोजणी करून शिक्षक फार तर कोणती मुले कोणत्या महिन्यात जातील हे आधी सांगू शकतो. त्यांना थांबवण्याची ताकद त्याच्या मोजणीत नाही.

पुरावा कितपत आहे

या विषयात पुराव्याबद्दल सावध राहावे लागते, आणि त्याचे पहिले कारण मोजण्याची पद्धत हे आहे. प्रशिक्षणाच्या शेवटी ‘तुमची समस्या सोडवण्याची क्षमता वाढली असे वाटते का?’ असे विचारले की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. ते खोटे बोलत नाहीत; मन लावून दोन दिवस बसले की आपण वाढलो असे कोणालाही वाटते. चाचणी घेतली तरी अडचण आहे. आधी आणि नंतर तीच चाचणी दिली, तर दुसऱ्यांदा गुण थोडे वाढतात, कारण चाचणी ओळखीची झालेली असते. शिवाय अशा प्रशिक्षणांना आपण होऊन नाव देणारे शिक्षक मुळातच उत्सुक असतात. म्हणून प्रशिक्षण न मिळालेल्या, परंतु तशाच शिक्षकांच्या गटाशी तुलना केल्याशिवाय, आणि काही महिने जाऊ दिल्याशिवाय, काही ठामपणे म्हणता येत नाही.

मुलांवरच्या परिणामाचा पुरावाही एका बाजूने झुकलेला नाही. लंडनमध्ये फिलिप एडी आणि मायकेल शायर यांनी १९८० च्या दशकात विज्ञानाच्या तासातून विचार शिकवण्याचा कार्यक्रम उभा केला. दोन वर्षांत तीस पाठ, आणि शिक्षकांचे प्रशिक्षणही दोन वर्षे चालणारे, ज्यात प्रशिक्षक शाळेत येऊन तास पाहत. काही वर्षांनंतर त्या मुलांना शालान्त परीक्षेत विज्ञानाबरोबर गणित आणि इंग्रजीतही अधिक चांगले गुण मिळाल्याचे त्यांनी दाखवले, आणि त्याची जगभर चर्चा झाली. पण त्याच पद्धतीच्या नव्या आवृत्तीची इंग्लंडमध्ये स्वतंत्र चाचणी झाली, तेव्हा २०१६ च्या अहवालात विज्ञानातील गुण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. यावरून मी ‘पद्धत फसवी आहे’ असा निष्कर्ष काढणार नाही, आणि ‘पद्धत सिद्ध झाली आहे’ असे म्हणणाऱ्यावर विश्वासही ठेवणार नाही.

क्रमाबद्दल मात्र एक मुद्दा मला अनुभवाने पटतो, आणि तो थॉमस गस्की यांनी १९८६ साली मांडला होता. आपण समजतो की आधी शिक्षकाचे मत बदलते, मग शिकवणे, मग मुलांचे शिकणे. गस्की यांच्या म्हणण्यानुसार क्रम बहुधा उलटा असतो: शिक्षक काहीतरी करून पाहतो, मुलांत फरक दिसतो, आणि मगच त्याचे मत बदलते. आपली प्रशिक्षणे मत बदलण्यापासून सुरू होतात आणि बहुतेक तिथेच संपतात.

‘यासाठी वेळ कुठून आणायचा?’

नवा वेळ आणायला नको, आहे तो वेगळा वापरावा लागेल. केंद्र स्तरावर शिक्षण परिषद भरते. तिथे सूचना वाचल्या जातात, परिपत्रके समजावली जातात, हजेरी लागते, चहा होतो. सूचना आता मोबाइलवरही येतात. त्या दिवसातला एक तास मोकळा केला, प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या चुकलेल्या उदाहरणांच्या पाच वह्या आणल्या, आणि शेजाऱ्याबरोबर वह्यांची अदलाबदल करून ‘मुलाचा नियम काय असावा’ एवढेच लिहिले, तरी या लेखात आलेल्या बहुतेक गोष्टी त्या तासात घडतात: विषयातले ज्ञान लागते, पहिले सुचलेले निदान तपासावे लागते, दुसऱ्यापुढे ते मांडावे लागते, आणि पुढच्या महिन्यात तेच पुन्हा करावे लागते.

मी असे तास घेतले आहेत आणि ते सुरुवातीला कंटाळवाणे होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या बैठकीत जवळजवळ प्रत्येक वहीपुढे ‘निष्काळजीपणा’ किंवा ‘सरावाचा अभाव’ एवढेच निदान आले. दुसऱ्या वेळी थोडे वाद झाले, आणि एका सरांनी आपल्याच वर्गातल्या मुलाची बाजू घेऊन बरोबर निदानही नाकारले. तिसऱ्या बैठकीला एक शिक्षिका वह्यांबरोबर एक वेगळा कागद घेऊन आल्या. त्यावर त्यांनी पुढच्या आठवड्यात मुलांना देण्यासाठी वजाबाकीची सहा उदाहरणे रचली होती, आणि प्रत्येक उदाहरणासमोर, मुलांनी ती सोडवण्याच्या आधीच, कोणत्या मुलाचे कोणते चुकीचे उत्तर येईल ते पेन्सिलीने लिहून ठेवले होते. सहापैकी चार अंदाज बरोबर निघाले. उरलेले दोन का चुकले, यावर त्यांनी परिषद संपल्यानंतरही, बाहेर मोटारसायकली सुरू झाल्या तरी, केंद्रप्रमुखांना दहा मिनिटे उभे करून ठेवले होते.